पंपानं दुखत असेल

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दि. ९ नोव्हेंबर २०२४

चि. सुगंधा हिला पप्पांचे आशीर्वाद.

मी बरा आहे. तू, मामा आणि मामी बरे असाल. इथं सकाळी थंडी पडायला लागली आहे. नळाला पाणी आठवड्यातून एकदाच येतं, पण एकट्याला पुरतं. दुखवट्याचं घर म्हणून सरूबाईंनी दिवाळीत फराळाचा डबा आणून दिला. चकल्या आईच्या हातच्यासारख्या नव्हत्या, पण खाल्ल्या. डबा रिकामा कसा परत द्यायचा म्हणून त्यात साखर घालून दिली. आई तसंच करायची.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर तू विचारतेस, "जेवलात का?" मी म्हणतो, "जेवलो. तू?" पुढं दोघांनाही काही सुचत नाही. मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. कंपनीच्या स्टोअरमध्ये इतकी वर्षं काय आलं आणि काय गेलं एवढंच लिहीत आलो. हेही तसंच लिहितो. सोमवारी मामा ट्रॅक्टरचा पार्ट घ्यायला इकडं येणार आहे, त्याच्याजवळ देईन.

बातमी अशी की मी कंप्रेसर घेतला.

तू म्हणशील, सात महिने रायफल कपाटात पडून आहे, चालवणारी गंगापूरला जाऊन बसली आहे, आणि यांना आता कंप्रेसर सुचला. बरोबर आहे. मागच्या रविवारी माणूस आला आणि जिन्याखाली बसवून गेला. बटण दाबलं की घरघर करतो आणि पुरेसा दाब झाला की आपोआप बंद पडतो. चालू करून बघितला तेव्हा सरूबाईंनी भिंतीवरून विचारलं, "भाऊ, पिठाची गिरणी टाकली का काय?" मी नुसतं "नाही" म्हणालो. आई असती तर तिनं काहीतरी चांगलं उत्तर दिलं असतं.

पैसे कुठून आले असं तू विचारशील. ते सांगायचंच आहे, पण आधीचं आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी गारखेड्याच्या नेमबाजीच्या रेंजवरचे काकासाहेब सर आपल्याकडे आले होते, आठवतं का? मागच्या दारापासून पुढच्या खोलीच्या भिंतीपर्यंत मी टेप धरून मोजलं आणि सरावाला लागतात ते दहा मीटर भरले, तेव्हा तू उड्या मारल्या होत्यास. सर म्हणाले, "पोरीचा हात चांगला आहे. रेंजच्या रायफलीवर किती दिवस काढणार? स्वतःची घ्या. आणि जमलं तर छोटा कंप्रेसरही घ्या. हातपंपावर भागतं, पण रायफलीच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाची हवा भरायला जोर लागतो. पंप मारला की हात थरथरतो, मग नेम कसला लागणार? नेमबाजानं स्वतः पंप मारायचा नसतो."

त्या संध्याकाळी मी खर्चाचा अंदाज काढायला बसलो. रायफल जुनी, पण चांगली, एक लाख ऐंशी हजार. जॅकेट, बूट, छर्रे, स्पर्धेला जाण्या-येण्याचा खर्च. शेवटी कंप्रेसर, सत्तर हजार. मी कंप्रेसर काढला आणि त्या जागी चौदा हजारांचा पंप धरला. तुम्हा दोघींना सांगितलं, एवढे पैसे नाहीत.

तुझं तोंड उतरलं. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मग मी मारीन की पंप. गावाकडं हापशीवर चार-चार घागरी भरायचे. ही तर बोटाएवढी नळी."

तू म्हणालीस, "आई, हापशी नाय गं ती! दोनशे बार असतात."

"असू दे की. दाबायचंच ना? माझं वजन कशाला तरी कामाला येईल."

आपण तिघंही हसलो. त्यात मीही होतो. मला सुटल्यासारखं झालं होतं.

त्यानंतर ती रोज सकाळी गच्चीवर जायची. पदर खोचून पंपाच्या दोन्ही पट्ट्यांवर पाय द्यायची. सुरुवातीला सोपं जायचं, शेवटी सगळं अंग टाकावं लागायचं. पंप तापला की मधे थांबून थंड होऊ द्यायची, तेवढ्यात तुळशीला पाणी घालायची. सरूबाईंनी एकदा खालून हाक मारली, "आशाबाई, वर लोणी काढता का काय?" ती म्हणाली, "व्हय, लोखंडाचं. ताक पाहिजे का?" हे तुलाही आठवत असेल. मी हे मुद्दाम लिहीत नाही. लिहिता लिहिता आलं.

काल इथं थांबलो होतो. आज पुढं लिहितो.

तेराव्याच्या दिवशी तू मागच्या खोलीत मामाजवळ रडत होतीस. मी पाण्याचा जग न्यायला आलो होतो. दार लोटलेलं होतं. तू म्हणालीस, "मामा, मीच मारलं आईला. रोज वर उभी राहून म्हणायचे, अजून थोडं, काटा अजून हिरव्यात नाय आला. माझ्यासाठी ती मरेस्तोवर हापशी मारत राहिली." मामा म्हणाला, "येडी का काय तू? असं बोलायचं नसतं."

मी तेव्हाच आत यायला पाहिजे होतं. मला जे माहीत होतं ते तुम्हा दोघांना माहीत नव्हतं. मी जग घेतला आणि पाहुण्यांना पाणी द्यायला गेलो. नंतर तू गंगापूरला निघून गेलीस. रायफलीला परत हात लावणार नाही म्हणालीस, तेव्हाही मी गप्प राहिलो. पोरगी माझ्या वाटचं ओझं उचलून चालली आहे हे मला दिसत होतं, सुगंधा. मी ते उचलू दिलं.

आता जे माहीत होतं ते लिहितो.

दवाखान्यात पोस्टमॉर्टेम आणि सगळं संपल्यावर डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, "गेल्या दोन-तीन आठवड्यांत हात, खांदा, पाठ दुखते असं म्हणत होत्या का?" मी म्हणालो, "हो. पण ती रोज पंप मारायची, त्यानं दुखायचं." डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ते पंपाचं दुखणं नव्हतं. हृदयाचं होतं. नस बरीच आधीपासून बंद होत आली होती. पंप नसता तरी हे होणारच होतं. वेळेवर दाखवलं असतं तर चार दिवसांत घरी आल्या असत्या."

म्हणजे तू काही केलं नाहीस. तुझ्या रायफलीनं, तुझ्या 'अजून थोडं'नं काही झालं नाही. हे वाक्य मी सात महिन्यांपूर्वी तुला सांगायला पाहिजे होतं. आता दोनदा वाच.

घरात पंप होता म्हणून तिचं दुखणं कुणाला ओळखू आलं नाही. तू तिच्या खांद्याला बाम चोळायचीस. तुला ती स्नायू दुखतात म्हणायची, आणि तिलाही तसंच वाटत असेल. तुझी त्यात चूक नाही. माझी आहे, कारण मला तिनं वेगळं सांगितलं होतं.

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. आदल्याच संध्याकाळी तू मला मोबाइलवर कंप्रेसरचा फोटो दाखवला होतास. पंधरा टक्के सूट होती. मी "बघू" म्हणून विषय संपवला. दुसऱ्या दिवशी तू क्लासला गेली होतीस. आई भाकरी थापत होती, मी डबा भरायची वाट बघत पेपर वाचत बसलो होतो. ती थापता थापता थांबली आणि म्हणाली, "अवं, हात लई भरून येतोय. पार जबड्यापर्यंत कळ जाती. आज पंप मारायच्या आधीच दुखत होता."

पंप मारायच्या आधीच. हे ती म्हणाली होती. मी ऐकलं होतं.

मी पेपर खाली न घेता म्हणालो, "पंपानं दुखत असेल." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला वाटलं, काल लेक आणि आज आई, दोघींनी ठरवून चालवलंय. म्हणून पुढं म्हणालो, "आशा, हात दुखायचं निमित्त करून कंप्रेसरचा विषय काढू नको."

ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "मी कुठं काढला विषय?"

मग तिनं भाकरी तव्यावर टाकली. डबा भरून दिला. त्यानंतर हात दुखतो हे ती माझ्याजवळ कधी बोलली नाही. मला वाटलं, बरं झालं, समजलं तिला. पुढं दोन आठवडे ती रोज गच्चीवर गेली.

आता पैशांचं. मुकुंदवाडीच्या बँकेत माझी नव्वद हजारांची ठेव होती. अंदाज काढला त्या संध्याकाळीही होती. तुम्हाला दोघींना सांगितली नव्हती. अडीअडचणीला ठेवली आहे असं मी मनाला सांगायचो, पण ते पूर्ण खरं नाही. माझा हिशेब असा होता की रायफल पुढं विकता येते, कंप्रेसर कुणी घेत नाही. पोरगी दोन वर्षांत कंटाळली, नाहीतर नंबर आला नाही, तर निदान रायफलीचे निम्मे पैसे सुटतील. तू नेम धरायला शिकत होतीस, आणि मी तू कधी थांबशील याची तजवीज करून बसलो होतो. आईनं असला हिशेब केला नाही. ती सरळ पंपावर उभी राहिली.

अडचण आली त्या दिवशी ठेवीला हात लावायची वेळही आली नाही. रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचायच्या आधीच ती गेली होती. तू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस.

ती ठेव मोडून मी हा कंप्रेसर घेतला. का घेतला असं विचारशील तर मला नीट सांगता येणार नाही. ते पैसे तसेच ठेवून राहवत नव्हतं.

अजून एक सांगतो, त्याच्यासाठीच हे पत्र आहे.

कंप्रेसर बसवायला आलेला माणूस म्हणाला, "काका, रायफल आणा, भरून दाखवतो." मी कपाटातून काढून दिली. त्यानं सिलिंडर सोडवला, काटा बघितला आणि म्हणाला, "आधी ही जुनी हवा काढून टाकू. हातपंपाची हवा दमट असती, आतलं सील खराब होतं. मशीनची कोरडी भरून देतो." त्यानं पाना लावला तेव्हा मी ओरडलो, "हात लावू नका त्याला!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो बिचारा पाना घेऊन तसाच उभा राहिला.

आई गेली त्या दिवशी सकाळी तू आत जॅकेट घालत होतीस. आईनं काटा हिरव्यात आणून सिलिंडर खाली आणला, रायफलीला लावला आणि ओट्याशी जाऊन बसली. मग पुढचं सगळं झालं. तू त्या दिवशी एकही छर्रा मारला नाहीस, नंतरही नाहीस. म्हणजे त्यात आहे ती हवा तिनं भरलेली आहे.

मी त्या माणसाला एवढंच सांगितलं, "बायकोनं भरलेली आहे. ती आता नाही." मग त्यानं सिलिंडर परत लावून दिला आणि म्हणाला, "राहू द्या मग. पण काका, ही थांबत नसती. जराजरा जातच राहणार."

ते मला आधीच कळलं होतं. मी रोज सकाळी कपाट उघडून बघतो. तू गेलीस तेव्हा काटा दोनशेला टेकला होता. आता बराच खाली आला आहे. नुसता कपाटात पडून तो एक दिवस शून्यावर येईल.

तू परत नेमबाजी कर असं मी म्हणत नाही. तो अधिकार मी ठेवला नाही. पण ती हवा आईनं तुझ्यासाठी भरली आहे. एकदा घरी ये. छर्रे मारून संपव, नाहीतर गच्चीवर जाऊन स्क्रू सैल करून सोडून दे. नंतर रायफल विका म्हणालीस तर विकीन, नाही म्हणालीस तर कंप्रेसर जिन्याखाली आहेच. मी भरून देईन. पण ही भरलेली तुझ्या हातानं जाऊ दे. मी त्याला हात लावणार नाही.

पत्र मामालाही वाचायला दे. त्यानं त्या दिवशी तुला गप्प केलं, कारण त्यालाही खरं माहीत नव्हतं. त्याची ती एकच बहीण होती. तो मला जे बोलेल ते मी उभा राहून ऐकेन. तू बोलशील तेही.

येणार असशील तर फोनवर "जेवलात का" विचारू नको. "येते" एवढंच म्हण. मी मुकुंदवाडीच्या थांब्यावर येऊन उभा राहीन.

आज सकाळी काटा एकशे साठच्या थोडा वर होता.

तुझे,
पप्पा