पांढऱ्या दोऱ्याचे कपाट

मी बांग ओक-बुन, वय वर्षे एक्क्याऐंशी, कैलासवासी ह्यॉन मान-सॉक यांची पत्नी, राहणार सोल, ह्वांगहाक-दोंग, जुन्या सामानाच्या गल्लीतील दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र तोंडाने सांगत आहे आणि नोटरी सॉनू मि-रान बाई ते लिहून घेत आहेत. मला अक्षर येत नाही. म्हणून मी बोलेन तसेच लिहावे, उगाच छान करू नये, असे मी बाईंना बजावले आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बाई बसल्या आहेत त्या खुर्चीचा मागचा डावा पाय बदललेला असून बदलणाऱ्याने वेगळे लाकूड वापरले आहे, हे मी दारातूनच सांगितले. बाईंनी वाकून पाहिले. याची नोंद व्हावी.

उद्या सकाळी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. माझा एकुलता मुलगा इन-सॉप खाली गाडीत बसला आहे. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे आले आहे असे त्याला वाटते. ते याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसतात. ते डोळ्यांत थेंब घालून अर्धा तास बसवतात, तेव्हा माझ्या हाताशी तेवढाच वेळ आहे. बाईंनी हात जरा भरभर चालवावा.

एक. इन-सॉपला माझा सरकारी नोंदीचा शिक्का हवा आहे. मला सही येत नाही, म्हणून तो बोटाएवढा लाकडी शिक्का हाच माझा होकार आणि हाच माझा नकार. तो उमटला की दुकान टॉवर बांधणाऱ्यांच्या घशात जाईल. तीन आठवडे तो शिक्का शोधतो आहे. तांदळाचा डबा उपसला, किमचीच्या बरण्या हलवल्या, माझी गादी उसवून पुन्हा शिवली, आणि टाके इतके वाकडे घातले की मला पाठीनेच कळले. पण उद्या मी शुद्धीवर आले नाही तर त्याला शिक्क्याचीही गरज उरणार नाही. एकटा वारस म्हणून सगळे त्याचेच होईल आणि माझ्याबरोबर दुकान चालवणारी सुक-ही त्याच आठवड्यात रस्त्यावर येईल. हा कागद त्यासाठी आहे.

दोन. पे सुक-ही ही माझी सून होती. बारा वर्षांपूर्वी दोघांचा घटस्फोट झाला. कोर्टाचा कागद हातात पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती नेहमीसारखी आली आणि तिने दुकानाचे शटर वर केले. मी म्हटले, "अगं, आता तू माझी कोणी लागत नाहीस." ती म्हणाली, "आई, ते टेबल दुसऱ्या टोकाने धरा, एकटीला उचलत नाही." तेव्हापासून त्या विषयावर आमचे बोलणे झालेले नाही. सबब माझे दुकान, आतला सर्व माल, हातगाडी, दोन करवती आणि सरसाचे भांडे मी सुक-हीला देत आहे. माझा रंधा मात्र समोरच्या दुकानातल्या ओ साहेबांना द्यावा. त्यांनी तो एकदा नेला आणि बोथट करून आणला. मी तेव्हापासून त्याला धार लावलेली नाही.

तीन. सुक-हीने दुकान कसे चालवावे हे तिला ठाऊक आहे, तरी सांगते. कपाट घेताना आधी त्याची पाठ बघावी. पुढून सगळीच नटलेली असतात. खण बाहेर काढून वास घ्यावा. कापराचा आला तर बाई नीटनेटकी होती, औषधाचा आला तर घरात मरण झाले आहे; मग मीठ टाकून तीन दिवस उन्हात ठेवावे. हल्ली मुलेमुली फोनवर फोटो दाखवत येतात, आजीच्या घरी होते तसले द्या म्हणतात. त्यांच्याच आयांनी ते सामान घर बदलताना फूटपाथवर टाकले होते, हे त्यांना ऐकवू नये. गच्चीवरच्या खोलीत संसार मांडणाऱ्यांकडून शेवटच्या गाठीपेक्षा जास्त घेऊ नये.

गाठी म्हणजे काय ते बाईंनी विचारले. मला लिहिता येत नाही, म्हणून मी कडीला दोरा बांधते. लाल दोऱ्याला जितक्या गाठी, तितके दहा हजार वॉन. त्याखाली उतरायचे नाही. निळा असेल तर आत काहीतरी मोडले आहे, ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचे. पांढऱ्या दोऱ्याला गाठ नसते. ती वस्तू विकायची नाही.

चार. वसंतात मी अकरा दिवस दवाखान्यात होते आणि सुक-ही माझ्या उशाशी होती. तेव्हा इन-सॉपने दुकान उघडले. शिंपल्याच्या जडावाचे काळे कपाट, ज्यावर दोन करकोचे आहेत आणि एकाचा डोळा पडला आहे, ते सुक-हीने लग्नात आणले होते. त्याआधी ते तिच्या आईचे. घटस्फोटानंतर तिच्या भाड्याच्या खोलीच्या दारातून ते जाईना, म्हणून दुकानात राहिले. त्याला पांढरा दोरा होता. इन-सॉपने पाहिले, गाठ एकही नाही. त्याला वाटले, म्हातारीने याची किंमतच धरलेली नाही. दोरा कात्रीने कापला आणि ऐंशी हजारांत कपाट देऊन टाकले. मी परतले तेव्हा सुक-ही त्या रिकाम्या जागेवर केर काढत होती. केर नव्हताच.

इथे इन-सॉप दार उघडून आत आला, हेही लिहावे. त्याने विचारले, "आई, डोळ्यांचे डॉक्टर वर आहेत. तू इथं काय करतेस?" बाईंनी त्याला सांगितले की वारसाने आत थांबणे कायद्यात बसत नाही. तो पांढरा पडला. म्हणाला, "हिला सहीसुद्धा येत नाही, आणि तुम्ही काय लिहून घेताय?" मी म्हटले, "सही येत नाही, बोलता येतं. बाहेर बस." तो दारातच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "उद्या तुला काही झालं तर मी कुठं शोधू तो?" त्याने शिक्क्याचेच विचारले. पण माझी शाल गाडीत राहिली होती, ती देण्यासाठी तो वर आला होता. ती त्याने माझ्या खुर्चीवर ठेवली आणि गेला. काचेपलीकडे तो अजून उभा दिसतो आहे. बाई, हात थांबवू नका.

पाच. माझा राहता फ्लॅट मी इन-सॉपला देत आहे. मुलाला अगदीच वगळता येत नाही असे बाई म्हणाल्या. मला वगळायचेही नव्हते. मात्र चावी बाईंकडे राहील. करकोच्यांचे कपाट सध्या उल्जिरोत एका मुलीच्या कॉफीच्या दुकानात आहे. सुक-ही आणि मी तिथे जाऊन आलो. मुलगी म्हणाली, "आजी, ज्यांनी विकलं ते स्वतः येऊन मागू देत, मी त्याच पैशांत परत देईन." इन-सॉपने जावे, मागावे, आणि कपाट सुक-हीच्या दुकानात त्याच जागी आणून ठेवावे. टेम्पो करावा, पण एक टोक त्याने स्वतः धरावे. दुसरे ती धरील. त्याच दिवशी त्याला चावी मिळेल.

सहा. आता शिक्का. तो त्याच कपाटात आहे, डाव्या हाताच्या खालच्या खणामागे, खोट्या फळीच्या आत. कॉफीच्या दुकानात मी हात घालून चाचपला आणि तिथेच राहू दिला. इन-सॉपने स्वतः विकलेल्या वस्तूइतकी सुरक्षित जागा मला दुसरी सुचली नाही. हे सुक-हीलाही ठाऊक नाही. मी गेल्यावर तो शिक्का नुसते लाकूड राहील असे बाई सांगतात. तरी तो इन-सॉपला द्यावा.

त्याच्या पहिल्या वाढदिवशी आम्ही रिवाजाप्रमाणे त्याच्यापुढे पैसे, लेखणी आणि दोऱ्याची लडी ठेवली. त्याचे वडील लेखणीकडे डोळे लावून बसले होते. त्याने लडी उचलली आणि दिवसभर सोडली नाही. दोरा उचलणारा खूप जगतो. ती लडी मी जपून ठेवली, आणि जे जे विकायचे नाही त्याला तिच्यातलाच दोरा बांधत आले. उरलेला सगळा दोरा शिक्क्याभोवती गुंडाळला आहे. शिक्का हवा तर तो आधी उलगडावा लागेल. हाताने उलगडावा. कात्री लावू नये.

वरील मजकूर बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांनी माझे बोलणे सभ्य केले होते, ते पुन्हा होते तसे करून घेतले. माझे नाव बाईंनी लिहिले, शेजारी मी अंगठा उठवला.

बांग ओक-बुन (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
१. प्यो ग्वांग-शिक, कुलपे दुरुस्त करणारे, ह्वांगहाक-दोंग
२. ताक सुन-ऱ्ये, जवाच्या भाताची खानावळ, ह्वांगहाक-दोंग

समक्ष: सॉनू मि-रान, नोटरी
स्थळ: सोल. दिनांक १४ नोव्हेंबर २०२३, मंगळवार