ओठ नसलेलं हसू

३ नोव्हेंबर

पोचले! घर टेकाडावर आहे. मला वरच्या मजल्यावरची खोली दिलीय. खिडकीतून खालचा बसथांबा आणि त्याच्या समोरचं वाण्याचं दुकान दिसतं. दाराला आतून कडी आहे, हे आधी बघून घेतलं. आईने तसं बजावलंच होतं. स्वतःची खोली आयुष्यात पहिल्यांदा मिळाली. आमच्याकडे सहा जण एका पंख्याखाली झोपतात आणि सकाळी वारा कुणाला लागला यावरून भांडतात.

काम असं: या कुटुंबाने बरीच वर्षं घरच्या घरी केलेलं चित्रण छोट्या डिस्कवर पडून आहे. ते कॉम्प्युटरवर घ्यायचं, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं आणि एक सलग फिल्म करून द्यायची. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, म्हणजे लोकांच्या घरचे सिनेमे बघायला तुला एवढं शिकवलं होय! मग लगेच शेजारणीला ओरडून सांगितलं की पोरगी कॉम्प्युटरवर लागली. घरात शाळा पूर्ण केलेली मी पहिलीच, त्यामुळे मी शिंकले तरी गल्लीत बातमी होते. उद्या हात हलवत परत गेले, तर तीही होईल. ही नोकरी टिकायलाच हवी.

घरात चौघं. काकू, काका, त्यांचा मुलगा दादा, आणि माझ्याच वयाची धाकटी. काकूंनी दारातच हात धरून आत नेलं. म्हणाल्या, संकोच करायचा नाही, तू आता घरचीच. जेवताना मला बरणीतलं लोणचं वाढून घ्यायचं होतं, पण विचारावं की नाही या विचारात जेवण संपलं.

५ नोव्हेंबर

डिस्क मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही. नाहीतर चरा पडला की तिथलं सगळंच जातं. सॉफ्टवेअर ती थेट घेत नाही. आधी आतल्या फाइल कॉम्प्युटरवर उतरवायच्या, मग सॉफ्टवेअरला चालेल अशा प्रकारात बदलायच्या. त्यात खोड अशी की चित्र आणि आवाज हळूहळू एकमेकांना सोडून चालायला लागतात. काका आधी तोंड हलवतात आणि शब्द मागून येतात. मग आवाजाची पट्टी वेगळी काढून, ओठ बघत, ती केसभर पुढेमागे सरकवायची. हे मला फार आवडतं. वेणी घालण्यासारखं आहे.

प्रत्येक डिस्कची मी दुसरी प्रत ठेवते. दादा म्हणाला, एवढी काळजी तर बँकसुद्धा घेत नाही.

८ नोव्हेंबर

दोन गोष्टी. क्षुल्लक असतील.

एक, कितीतरी डिस्कचा शेवट सारखाच आहे. चौघं अंगणात उभे राहतात, काकू कॅमेऱ्याकडे बघून हात करतात आणि म्हणतात, आता तू ये गं. मग कॅमेऱ्याजवळून चपलांचा आवाज निघतो, दूर जातो, आणि सगळे हसतात. पण चित्रात कोणीच येत नाही.

दोन, त्या हसण्यात एक हसू जास्त आहे. काकूंचं काकूंच्या ओठांशी जुळलं, काकांचं काकांच्या. धाकटीचं जुळवलं, दादाचं जुळवलं. एक उरलं. पट्टी कितीही सरकवली तरी ते कुणाच्याच तोंडात बसत नाही.

९ नोव्हेंबर

चहाच्या वेळी धीर करून विचारलं की कॅमेरा कोण धरायचं. काकू म्हणाल्या, अगं, कामाला मुली होत्या ना. आम्ही चौघं चित्रात, मग धरणार कोण? पण आम्ही कधी त्यांना परकं मानलं नाही, शेवटी हाक मारायचोच. मी विचारलं, आता कुठे असतात त्या? म्हणाल्या, इथेच की. आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

इथेच म्हणजे याच गावात असणार. उगाच नाही ते मनात आणू नये.

१२ नोव्हेंबर

आणलंच. तारखांप्रमाणे सगळे शेवट टाइमलाइनवर ओळीने लावले. पहिल्या काही डिस्कमध्ये चौघं अगदी चिकटून उभे आहेत. मग काकू आणि धाकटीच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. पुढे दादाच्या डावीकडे तशीच आणखी एक. सगळ्यात अलीकडच्या डिस्कमध्ये तीन जागा. मला वाटलं होतं, यांचं आपसांत पटत नसेल. पण काकूंचा हात त्या जागेत खांद्याच्या उंचीवर ठेवलेला आहे. हवेवर. तो जरासुद्धा लोंबत नाही.

जागा वाढली की कॅमेऱ्यामागचा श्वासही बदलतो. पहिलीला सर्दी असायची. दुसरी गुणगुणायची. तिसरी अगदी हळू श्वास घेते, जपून, माझ्यासारखा.

साबण आणायच्या निमित्ताने वाण्याकडे गेले. तो म्हणाला, टेकाडावरच्या मुली यायच्या की, गुणी होत्या, मग यायच्या बंद झाल्या. लग्न होऊन गेल्या असतील. पण जाताना एकही दिसली नाही बुवा, आणि थांबा तर माझ्या नाकासमोर!

घरी फोन केला. म्हणणार होते, मी येते. आईने आधीच सांगितलं की धाकट्या भावालाही आता माझ्यासारखं शिकायचंय. मग मी म्हटलं, छान चाललंय.

१५ नोव्हेंबर

आज अंगणात कॅमेरा काढला. धाकटीने तो स्टँडसकट माझ्या हातात दिला, म्हणाली, तू तर यातली तज्ज्ञ. नाही कसं म्हणायचं? कशासाठी ठेवलंय मला?

ते उभे राहिले. तीन जागा सोडून, न मोजता, न बघता, सवयीने. काकूंनी हात केला. आता तू ये गं. मी म्हटलं, नको, माझे केस विस्कटलेत. काका म्हणाले, अगं, तो कॅमेरा आहे, चावत नाही. सगळे हसले. मी स्टँड दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी जागची हलले नाही. हे मी आईची शपथ घेऊन लिहिते. मी हलले नाही.

मग त्यांनी आग्रह केला नाही. काकू नुसत्या म्हणाल्या, बरं, डिस्क तेवढी बंद कर सावकाश.

हा कॅमेरा थेट डिस्कवरच चित्रण करतो. पण आधी कॅमेऱ्यातच डिस्क बंद करावी लागते, नाहीतर कॉम्प्युटर ती वाचत नाही. एकदा बंद केली की तिच्यातलं काही पुसता येत नाही, बदलता येत नाही. मी आज केली नाही.

१६ नोव्हेंबर

पिशवी भरली. मग बसून राहिले.

घरी काय सांगू? की चांगल्या माणसांनी खोली दिली, जेवायला दिलं, मला फोटोत बोलावलं आणि मी पळून आले? नुसत्या संशयावर? शिकलेल्या माणसाने आधी खात्री करावी. त्या डिस्कमध्ये काही नसेल तर राहायचं, असेल तर निघायचं. आणि बघायचं तर बंद करणं भाग आहे, कॅमेऱ्याच्या बोटभर पडद्यावर काही कळत नाही. काम अर्धवट ठेवून जाणं मला जमतही नाही.

कॅमेऱ्याने विचारलं, नक्की? मी हो केलं. तो हातात हळूहळू गरम होत गेला.

उतरवलं. सॉफ्टवेअरमध्ये घेतलं.

आता तू ये गं. माझा आवाज: नको, माझे केस विस्कटलेत. काका. हसू. मग चपला. माझ्या. डाव्या चपलेचा अंगठा सैल आहे, ती फटक करते. फटक, फटक, लांब, आणखी लांब. धाकटी बाजूला सरकते.

चार जागा.

आणि उरलेलं हसू माझं आहे. मी हसताना मध्येच श्वास आत ओढते.

१७ नोव्हेंबर

उजाडताच थांब्यावर. हात केला, बस थांबली नाही. दुसरीही नाही. वाण्याला हाक मारली, तो माझ्यातून पलीकडे बघत आळस देत होता. आईला फोन — हॅलो, हॅलो, कोण आहे? — आई, मी गं, मी — मग भावाला म्हणाली, कोणी बोलतच नाही, नुसता श्वास येतोय, ठेव.

मी ओरडत होते. ओरडत होते मी.

संध्याकाळ

पाय आपोआप टेकाडाकडे. खिडकीतून काकूंनी हात केला. म्हणाल्या, आलीस का गं, दमलीस ना?

दिवसभरात कुणीतरी मला पाहिलं. देवा — मला बरं वाटलं. रडूच आलं, इतकं बरं वाटलं.

१८

डिस्क फोडली. कॉम्प्युटरमध्ये आहेच ती. पुसली. दुसरी प्रत — मीच ठेवलेली — पुसते, परत दिसते — बंद केलेलं बदलत नाही —

खालून हाका. धाकटी, दादा. लाडाने. ये गं, किती वेळ.

नंतर

पडद्यावर आता जागा रिकाम्या नाहीत.

तिघी आहेत. सर्दीवाली अगदी लहान आहे, सोळाची असेल. कुणीच हसत नाही. हसण्याचा आवाज आहे, ओठ मिटलेले. तिसरी माझ्याकडे बघून मान हलवते — नाही, नाही — तिला हात सोडवता येत नाहीये, काकूंनी खांदा —

चौथ्या जागेत माझी निळी ओढणी. केस विस्कटलेले. अजून पाठमोरी आहे.

वळतेय.

मी थांबवलंय. चित्र थांबलंय. तरी ती वळतेय —

तिचे ओठ हलताहेत, आई गं, आवाज बरोबर जुळतोय, केसभरही मागेपुढे नाही, पण मी तर इथे बसून हे लिहि