दोन नंबरचं टेबल आणि एक चमचा

वर्धा, १४ नोव्हेंबर २०२४

प्रेमदासकाका, नमस्कार.

अल्लीपूरला सगळे खुशाल असाल. माझ्यावर मात्र घोर अन्याय सुरू आहे. गेला महिनाभर मी स्वतःच्या घरात दहा मिनिटांत जेवून उठतो. कारण खांद्यावर नॅपकिन टाकून बाबा मागे उभे असतात. ऐंशीव्या वर्षी त्यांना आमचं स्वयंपाकघर मेलगाडीची डायनिंग कार वाटतं. माझी बायको वर्षाली दोन नंबरचं टेबल आहे, तिला भाजी आधी. मी सात नंबर. सातकडे कोणी बघत नाही.

"बाबा, बसा न जेवाले."

"पॅसेंजर उठल्याबिगर बेअरर जेवते काय? येडा झाला काय तू?"

आम्ही उठतो. मग ते एकच ताट वाढतात, गाडीत बेअरर असताना तुम्ही दोघं जेवायचात तसं, आणि वाट बघत बसतात. "प्रेमदास काऊन नाई आला? त्याले आवाज दे." तुम्ही येत नाही. ताट तसंच राहतं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस नाहीत.

तुम्ही यावं म्हणून हे पत्र. फोन केला नाही, कारण फोनवर मला छान खोटं बोलता येतं.

गाडीतला चांदीचा चमचा हरवला, मोजणी तुमच्या पाळीत झाली आणि ठेकेदारानं तुम्हाला चोर ठरवून, कामावरून काढून फलाटावरच उतरवलं. तो चमचा बाबांनी घरी आणला होता. माझं उष्टावण होतं. पोराचा पहिला घास चांदीनं जावा, एवढीच हौस. पुढच्या फेरीला परत ठेवणार होते. पुढच्या फेरीला तुम्ही नव्हता, आणि त्यांचं तोंड उघडलं नाही.

आईनं जाण्याआधी मला सांगितलं. त्याला अकरा वर्षं झाली. गावभरच्या लोकांची ढोंगं पेपरात छापून पोट भरतो मी, पण ही एक ओळ लिहवली नाही.

आधी तुम्हाला बोलवावं, बाबांच्या पोटात दोन घास जाऊ द्यावेत, मग सांगावं, असा बेत होता. तो दुसरा चमचा झाला असता.

आता यायचं की नाही, तुम्ही ठरवा. नाही आलात तरी मी काही म्हणणार नाही. बाबांना काय सांगायचं, ते माझं मी बघीन.

चमचा सोबत ठेवला आहे. घासूनपुसून, मोजून एक.

तुमच्या घासावर वाढलेला,
मुकेश