फुगडीतला हात

माय, तुझी पणती पायात चाकं लावून पळते. पणती म्हणजे माझ्या पोराची पोरगी. तू गेलीस तेव्हा पोरगा माझ्या कडेवर होता, त्यामुळं ही तुला माहीत असायचं काही कारण नाही. सातवीला आहे. आम्ही सगळे आता जालन्यात, पोराच्या घरी राहतो. तिच्या बुटांना खाली चार-चार चाकं आहेत, दोन पुढं, दोन मागं, बराबर बैलगाडीच्या दोन जोड्या लावाव्यात तशी. पहिल्यांदा बूट आणले तेव्हा मला वाटलं, चार दिवसाचं खूळ आहे, मंग पडतील माळ्यावर. पण दोन वर्षं झाली, ती काही सोडून राह्यली नाही. तुला खरं तर नागपंचमीच्या त्या फुगडीचं सांगायचंय मला. इतक्या वर्षांचं आत राहिलंय, ते एकदम बाहेर येत नाही, म्हणून आधी पोरीच्या खेळाचं सांगते. तुला माझी सवय माहीतच आहे. मीठ मागायला गेले तरी आधी शेजारणीच्या म्हशीचं विचारून यायची मी.

रविवारी तिचा सामना होता. संभाजीनगरहून पोरी आल्या होत्या. शाळेच्या सिमेंटच्या मैदानात खडूनं मोठा लांबट गोल आखलेला, आणि त्यात सगळ्या एकाच दिशेनं फिरणार, खळ्यात बैलं फिरायची तशा. खेळाचं नाव रोलर डर्बी. पाच पोरी आपल्या, पाच त्यांच्या. दोन्हीकडं एकीच्या टोपीवर चांदणी असते. चांदणीवालीनं गर्दीतून वाट काढून पुढं जायचं, फेरा मारून परत मागून यायचं, आणि मंग समोरच्यांच्या जितक्या पोरी ओलांडील तितके गुण. बाकीच्यांनी आपली चांदणी पुढं काढायची आणि त्यांची अडवायची. हातानं धरायचं नाही, कोपर मारायचं नाही. कंबरेनं अन् खांद्यानं रेटायचं. मी म्हणलं, "हे तर आम्ही भोकरदनच्या स्टँडवर एसटीत चढताना रोज करायचो." तर म्हणते, "आजी, तुझ्या टोपीवर चांदणी पाहिजे होती." अशी आहे ती, तोंडाला तोंड देणारी. तुझ्यासारखी हसते, मान मागं टाकून. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

त्यांच्या बाईंनी पोरींना सगळ्यात आधी पडायला शिकवलं. महिनाभर नुसतं पडायला. गुडघ्याला, कोपराला टणक वाट्या बांधायच्या, गुडघ्यावर पडायचं, अंग गोळा करायचं आणि मूठ मिटायची. मूठ कशाला, तर मागून येणारीचं चाक बोटांवरून जाऊ नये. पडली की बाई कडंनं ओरडतात, "मूठ!" नात घरी येऊन गादीवर पडायची तालीम करायची आणि मला ओरडायला लावायची. मी भाजी निवडता निवडता "मूठ, मूठ" करायची. एक दिवस असंच ओरडता ओरडता माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. तू पडलीस तेव्हा तुझी मूठ मिटलेली नव्हती, माय. दोन्ही हात उघडे होते, माझ्याकडं केलेले.

त्या वर्षी माझी चौथी झाली होती. आपल्या गावात शाळा तेवढीच. पाचवीला केदारखेड्याला जावं लागायचं. गुरुजी दोनदा घरी येऊन गेले, "पोरगी हुशार आहे, पाठवा." तू चुलीपुढून उठली पण नाहीस. "धाकट्याला कोण सांभाळील? मी वावरात जाते, तुम्ही येता का सांभाळायला?" म्हणालीस. गुरुजी हसले आणि चहा पिऊन गेले. मी म्हणलं, तू पुन्हा विचार करशील. पंचमीच्या दिवशी सकाळी उठून बघते तर माझी पाटी दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलेली, वर वजनाला वरवंटा. मांजरं फार झाली होती त्या साली, ते खरं आहे. पण मी त्या पाटीकडं बघत उभी राहिले आणि तू म्हणालीस, "बराबर बसती बघ, पातेल्यासाठीच केल्यावाणी."

दुपारी सगळ्या बाया मारुतीच्या पारापुढं जमल्या. लिंबाला झोका होता, नव्या बांगड्या होत्या, माहेरी आलेल्या पोरी होत्या. तुझ्यासंगं फुगडीला कोणी टिकायचं नाही, हे सगळ्या गावाला माहीत. दोन-तीन जणींना दमवून तू माझ्याकडं आलीस. मी तोंड फिरवून बसले होते.

"कामून रुसली व? सणाचं तोंड पाडून बसती का कोणी? दे हात."

"मला न्हाई खेळायचं."

"दे म्हणते ना. बघू तुझ्यात जोर किती हाये."

मी हात दिले. तू हात आडवे गुंफलेस, पायाला पाय लावला आणि आपण फिरायला लागलो. आधी हळू, मंग जोरात. बाया टाळ्या वाजवू लागल्या. तू मागं रेललीस, मान मागं टाकलीस, डोळे मिटलेस आणि हसत होतीस. सगळा भार माझ्या दोन हातांवर टाकलेला. फुगडीत तसाच टाकावा लागतो, नाहीतर फेर धरत नाही. आणि मला ती पाटी दिसली.

मी बोटं उघडली.

हात सुटला नाही, माय. मी सोडला. तू पाराच्या दगडावर पडलीस, कंबरेवर. मी बाजूला मातीत पडले, मला काहीच लागलं नाही. बाया धावल्या. एक जण म्हणाली, "अशी कशी व पोरगी, धरता न्हाई आलं?" आणि तू, तोंडाचा रंग उडालेला, तशातही म्हणालीस, "तिला कोणी बोलू नका. माझाच हात घामेजला होता."

तुझा हात कोरडा होता. मला अजून आठवतो, राखेनं भांडी घासून घासून खरखरीत झालेला. असा हात निसटत नाही.

हाड बसवणारा आला, तेल लावून फळ्या बांधून गेला. दोन महिने तू खाटेवर. धाकट्याला मी सांभाळलं, भाकरी मी केल्या, पाणी मी आणलं. पाचवीचा विषयच संपला, तो मीच संपवला. तू उठलीस तेव्हा डावा पाय आखूड झाला होता. नंतर दर पंचमीला तू पाराच्या कडेला बसून नुसत्या टाळ्या वाजवायचीस. बाया बोलवायच्या, तू म्हणायचीस, "मी गाणं म्हणते, तुम्ही फिरा." तुझं लंगडणं मी वावराच्या बांधावरून ओळखायची, चेहरा दिसायच्या आधी.

खाटेवरून उठल्यावर पहिल्या दिवशी तू काय केलंस, आठवतं का तुला? पातेल्यावर ताटली ठेवलीस आणि पाटी धुऊन, पदरानं पुसून माझ्या हातात दिलीस. "घे," इतकंच बोललीस. मी पेन्सिल घेऊन बसले, पण पाटीनं साय इतकी पिली होती की पेन्सिल नुसती घसरायची. तीनदा राखेनं घासली तरी अक्षर उमटेना. तुला कळलं होतं का सगळं, म्हणून दिलीस? का नुसतीच दिलीस? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

तर रविवारी काय झालं, नातीच्या टोपीवर चांदणी होती आणि ती दमली होती. दोनदा पडली, मूठ मिटून उठली. समोरच्या तिघी अंगाला अंग लावून भिंतीसारख्या. तेवढ्यात तिच्या जोडीदारणीनं पुढून मागं हात केला. नातीनं तो धरला, त्या पोरीनं तिला सगळ्या अंगानं ओढून पुढं झोकलं आणि हात सोडून दिला. मी उठून ओरडले, "सोडू नको ग, धर तिला!" सगळं मैदान माझ्याकडं बघून हसलं. तोवर नात त्या तिघींच्या बाजूनं निघून पार पुढं गेलेली. मी टाळ्या वाजवल्या, हसलेही, बाजूच्या बाईला सांगितलं ही माझी नात. घरून नेलेले धपाटे दोन्हीकडच्या पोरींना वाटले. हरल्या आपल्या पोरी, चार गुणांनी. तोंडं मात्र जिंकल्यासारखी.

घरी येताना मी विचारलं, "त्या पोरीनं हात सोडला, तू पडली असती तर?"

"आजी, सोडला न्हाई तर मी पुढं कशी जाणार? सोडण्यासाठीच तर धरती ती."

"अन् तिनं रागानं सोडला तर?"

तिला हसू आलं. "रागानं कोण सोडतं आजी? ती आपलीच आहे ना."



एक राहिलं. सामना संपल्यावर पोरी चाकांवरच फुगड्या घालत होत्या, दोन्ही संघांच्या मिसळून. नात घामेजलेली माझ्यापुढं आली, बूट काढून, अनवाणी. "आजी, दे हात. तुला येते ना फुगडी?" दोन्ही हात पुढं केलेले, उघडे. मी म्हणलं, "न्हाई बाई, गुडघे दुखतात." तिनं लगेच हात खाली घेतले आणि मला धरून हळूहळू रिक्षापर्यंत आणलं.

हे तिच्या जुन्या वहीतल्या पानांवर लिहिते आहे. ती म्हणते, फोनमध्ये बोललं की तोच लिहितो, तू बोल, मी लावून देते. पण मंग तिनं ऐकलं असतं. म्हणून चार दुपारी लागल्या, माझं अक्षर अजून चौथीचंच आहे. पानं घडी करून माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवीन.

पंचमी पुढच्या आठवड्यात आहे. ती पुन्हा हात मागील. तू पडलीस त्या दिवसापासून मी कोणाच्याच हातात फुगडीला हात दिला नाही, सासरी नाही, पोराच्या लग्नात नाही. सगळ्यांना गुडघ्याचंच सांगत आले. गुडघे दुखत नाहीत, माय. हे लिहायलासुद्धा मी खालीच बसले आहे, मांडी घालून.