हात कोणी द्यायचा

मदुरै, ५ ऑगस्ट

प्रिय अक्का,

कशी आहेस? चेन्नईत पाण्याचे फार हाल आहेत, असं अम्मा म्हणत होती. मी बरी आहे. फोनवर आपण दोघी दोन मिनिटांत भांडायला लागतो, म्हणून कागद घेतला. तू सोपवलेलं काम अजून झालेलं नाही. त्याकडे येतेच, पण आधी माझं रडगाणं ऐक.

आमच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या शेवटच्या परीक्षेसाठी मला मासिलामणी नावाचे एक निवृत्त कंडक्टर दिलेत. अर्धांगवायूनं उजवा हात लुळा पडलाय. मी त्यांचं ध्येय ठरवलं, की दोन महिन्यांत हात खांद्यापर्यंत उचलतील. जेबमणी मॅडमनी भर वर्गात विचारलं, "उचलून काय करतील? बस थांबवतील?" पोरं फिदीफिदी हसली. मग त्या म्हणाल्या, "पदवी हातात पडेल तेव्हा मला तुमच्यात एकच गोष्ट बघायचीय. माणसाला काय करायचंय ते विचारता येतं का, आणि उत्तर आवडलं नाही तरी ऐकून घेता येतं का."

मला राग आला. पण गेले आणि कंडक्टरांना विचारलं. त्यांना कमरेची वेष्टी स्वतः नेसायची होती, सुनेकडून नेसवून घ्यायची लाज वाटते म्हणून. मी हौसेनं चिकटपट्टीची वेष्टी घेऊन गेले, तर म्हणाले, "ही नातवाला नेसव." आता भिंतीला पाठ टेकून एका हातानं गाठ मारायला शिकताहेत. रोज सुटते, रोज मला शिव्या बसतात.

अम्मा अजूनही शेजारणींना सांगते, की तेनमोळी मालिश शिकतेय. असो.

आता तुझं काम. तुझ्या लग्नाला महिना राहिला. कन्यादानाला थोरले काका-काकू बसतील आणि अप्पांनी घरीच थांबावं, हे मी त्यांना गोड बोलून सांगायचं होतं. तुला मी दगड समजत नाही, अक्का. साखरपुड्यात ते मध्येच हुंदके द्यायला लागले, लाळ सदऱ्यावर आली आणि तुझ्या होणाऱ्या सासूनं सगळ्यांसमोर विचारलं, की यांचं डोकं ठीक आहे ना. तेव्हा तुझा चेहरा मी पाहिलाय. परत तसं झालं तर त्यांचीच शोभा होईल, ही तुझी भीती मला कळते. खरं सांगू, मलाही तेच बरं वाटत होतं.

म्हणून रविवारी दिंडुक्कलला गेले ते सांगायलाच. अम्मा त्यांना इडली भरवत होती. मी तोंड उघडलं आणि आयत्या वेळी दुसराच प्रश्न बाहेर पडला. म्हटलं, "अप्पा, कयलअक्काच्या लग्नात तुम्हाला काय करायचंय?"

अप्पांना अर्धांगवायू होऊन दोन वर्षं होतील. डॉक्टर काय म्हणाले, हे आपण सगळ्यांना विचारलं. त्यांना काहीच विचारलं नव्हतं. त्यांची जीभ किती अडखळते, तुला माहीत आहे. बराच वेळ लागला. अम्मा मधेच बोलायला गेली, तिला मी थांबवलं.

"हात," ते म्हणाले. "कयलचा हात... मी देणार."

मग मी काय सांगणार होते, सांग.

त्याच दिवशी सरावाला सुरुवात केली. अप्पांना खाली बसता येत नाही, म्हणून बुटका स्टूल घेतलाय. डावा हात खालून आधार देतो, त्यावर उजवा. तुझ्या हाताच्या जागी अम्माचा हात. ती म्हणते, "आमच्या लग्नातसुद्धा इतका वेळ धरला नव्हता." अप्पा हसले आणि हसता हसता रडले. हात मात्र सुटला नाही. बसणं अजून डळमळीत आहे, तोल जातो. महिन्यात जमेलच, असं वचन मी देत नाही. नाही जमलं, तर मागे मी बसेन आणि धरेन.

मांडवात ते रडतील, हे मात्र नक्की. मोठ्यानं रडतील. रडू देत. मुलीचा हात देताना रडणारा बाप तुझ्या सासूनं कधी पाहिला नसेल का?

तरीही काकांनाच बसवायचं असेल, तर मी आडवी येणार नाही, लग्न तुझं आहे. फक्त एकदा घरी ये, स्टूलसमोर बस आणि अप्पांना ते तू सांग. तुझा हात त्यांच्या हातात असताना सांग.

वाट पाहणारी,
तेनमोळी