भिंत कोणाची

९ तारीख, मंगळवार

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मागच्या बाजूला ठक... ठक... काठी आपटल्यासारखं. थांबतं, मग जरा पुढे सरकतं. चिमणीच्या कानावर हात ठेवून बसून राहिले. दीड वर्षाची पोर, तिला काय कळतंय! माझेच कान झाकायला हवे होते.

सांगायचं कोणाला? हे साहेबांची गाडी घेऊन निवडणुकीच्या ड्युटीवर गेलेत, फोन लागत नाही. सासूबाईंची लकव्याने एक बाजू गेलेली. सांगितलं की नुसत्या बघतात. म्हणून वहीत लिहितेय.

आमच्या क्वार्टरमागे तलावाची भिंत आहे. दगडमातीची, दोन माणसं उंच. चुलीपासून दहा पावलं.

१० तारीख

शेजारच्या काकूंना विचारलं. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "अगं, तो चौकीदार असेल. म्हातारा रोज काठी आपटत भिंतीवरून फिरायचा. कुठे पोकळ वाजतंय का बघायचा. जाऊन दोन वर्षं झाली त्याला."

म्हटलं, काकू, घाबरवू नका ना.

"घाबरवत नाही गं. त्याची जागाच भरली नाही सरकारने. मग येतो बिचारा. बिनपगारी!"

त्या हसल्या. मला नाही आलं हसू.

११ तारीख

भिंतीच्या पायथ्याशी पाणी झिरपतंय. पाऊस थांबून दहा दिवस झाले!

१२ तारीख, शुक्रवार

चिमणीला कडेवर घेऊन आज ऑफिसं फिरले. पाय तुटले.

पाटबंधारेवाले म्हणाले, तलाव आता पिण्याच्या पाण्याला दिलाय, पाणीपुरवठ्याकडे जा. तिथला कारकून म्हणाला, पाणी आमचं, पण भिंत आम्ही ताब्यात घेतलेली नाही. कागदावर एकाच बाजूची सही आहे. मी म्हटलं, भिंतीवर झाड वाढलंय, मुळं आत गेलीत, ते तरी तोडा. तर ते वनखात्याला विचारल्याशिवाय तोडता येत नाही!

माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. बोटांवर मोजत समजावलं — "ताई, भिंत पाटबंधाऱ्याची. पाणी आमचं. झाड वनखात्याचं. जमीन महसूलची. तुमचं क्वार्टर बांधकाम खात्याचं."

"आणि आम्ही?"

बोटं संपली होती त्याची. "तुम्ही सगळ्यांचेच की!"

म्हणजे कोणाचेच नाही. तेवढं मला कळतं.

१५ तारीख

शेवटी एक इंजिनिअर आला. पाटबंधाऱ्यातला, अगदी पोरगेला. बूट चिखलात घालून वाकला, पाणी ओंजळीत धरून बघितलं. ठकठक सांगितली तर हसला नाही. "आतले दगड हलतायत, वहिनी. भूत असतं तर बरं झालं असतं."

मग म्हणाला, "रोज काचेच्या ग्लासात हे पाणी धरून बघा. स्वच्छ आहे तोवर भिऊ नका. गढूळ आलं की —"

"की काय?"

"आतली माती वाहून चाललीय समजायचं. मग थांबायचं नाही."

वर लिहून पाठवतो म्हणाला. वर म्हणजे किती वर? त्याच्यावर उपअभियंता, मग कार्यकारी, मग अधीक्षक, मग मुख्य, मग मंत्रालय. तिथून होकार आला की पैसे, पैसे आले की टेंडर. कागद पायऱ्या चढत जाणार. पाण्याला मात्र उतरायला दहा पावलं.

१६ तारीख

स्वच्छ.

१७ तारीख

स्वच्छ. चिमणीने तो ग्लास तोंडाला लावला. फटकन मारलं तिला. मग दोघी रडलो.

१८ तारीख

स्वच्छ. दुपारी भांडी घासताना पाठीशी कोणीतरी येऊन उभं राहिलंय असं वाटलं. श्वास कळावा इतकं जवळ. वळून बघितलं — भिंत. दुसरं काही नाही. आता तिच्याकडे पाठ करवत नाही. भाकरीसुद्धा तिच्याकडे तोंड करून थापते.

१९ तारीख

स्वच्छ, पण धार वाढलीय.

दादाचा फोन आला. "काय सरकारी महाराणी, कसा आहे राजवाडा?" तो टेम्पो चालवतो, लांब असतो. हे घर घेऊ नका म्हणून यांच्याशी भांडला होता. म्हटलं, मजेत आहे. का म्हटलं असं! "सांगितलं नव्हतं का" ऐकावं लागेल म्हणून. एवढ्यासाठी.

२० तारीख, सकाळ

चहासारखं आलं.

दुसरा ग्लास धुऊन परत धरला. तसंच.

२० तारीख, दहा वाजता

इंजिनिअरला फोन केला. त्याची बदली झाली. त्याच्या जागी अजून कोणी नाही.

आपत्तीच्या कंट्रोल रूमला लावला. "भिंत कुठल्या खात्याची आहे, मॅडम?" माझा तोल गेला. ओरडले — पाणी काय खातं विचारून आत येणार आहे का! त्याने पत्ता लिहून घेतला. मग म्हणाला, "गाडी पाठवतो."

२० तारीख, दुपार

ट्रक आलाय. सगळ्या क्वार्टरमधली माणसं कोंबून भरलीत. पोलीस यादी घेऊन उभा. म्हणतो, बसणारी-उभी राहणारी माणसंच घेतो, आडवा पेशंट घेता येत नाही, त्याला आरोग्य खात्याची ॲम्ब्युलन्स. म्हटलं, दोघंजण उचला ना दादा, मी मांडीवर धरते. "या गर्दीत काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

ॲम्ब्युलन्सला फोन केला. निघाली म्हणतात. कुठून निघाली ते सांगत नाहीत.

सासूबाई चांगल्या हाताने मला ढकलतायत. जा, जा. बाळंतपणात याच हाताने दीड महिना मला न्हाऊमाखू घातलं. तेव्हा दोन्ही चालत होते.

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. स्वयंपाकघरात पाणी आलंय. घोट्याएवढं.

२० तारीख, लगेच

चिमणीला काकूंकडे दिलं. त्यांच्याजवळ त्यांची दोन नातवंडं आहेत, हात दोनच. गर्दीत सुटली तर ही पोर स्वतःचं नावही सांगू शकणार नाही. म्हणून ही वही तिच्या पाठीला ओढणीने बांधतेय.

जो कोणी हे वाचेल — माझ्या भावाला फोन करा. नंबर पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आहे. सांगा, मुलगी आमच्याकडे आहे, आधी तिला घेऊन जा. माझं विचारलं तर म्हणा, ती सासूबाईंपाशी आहे. पण आधी फोन करा.