डाव्या डोळ्यातली वाट

सोमवार, ४ नोव्हेंबर

सुटलो एकदाचा त्या कोंडवाड्यातून! डिचोलीला कंपनीजवळच्या खोलीत आम्ही पाच जण, त्यात एक घोरणारा आणि एक बायकोशी फोनवर भांडणारा. डॉक्टर म्हणाले, साखरेने सुजलेल्या डोळ्यात इंजेक्शनं सुरू करायची तर धूळ नको, जागरण नको. म्हणून मयेला ही खोली घेतली. खिडकीतून तळं दिसतं, अंगणात कोंबड्या आहेत, आणि घोरायला मी एकटा.

घरमालकीण देवकीबाय साठीच्या. बोलणं बेताचं, हात सढळ. बॅग टेकवायच्या आत चहा आणि गरम उंडे, म्हणजे इथले गोल पाव, पुढ्यात आले. चहात साखर नको म्हटलं तर जरा चमकल्या. त्यांच्या घरधन्यांनाही साखरेचाच आजार. दारावरच्या पाटीतले कृष्णनाथ ते हेच. कुठे असतात विचारलं, तर कपाळावरचं ठसठशीत कुंकू चाचपत एवढंच म्हणाल्या, "येतले." येतील. बोटीवर नोकरीला असावेत.

रोज डोळ्याचं काय होतं ते लिहून ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलंय. नंदालाही गडहिंग्लजला फोनवर हेच वाचून दाखवीन. माझ्या बायकोचा सगळा जीव सध्या माझ्या डाव्या डोळ्यात आहे. माझाही. औषधाच्या बाटल्या दिव्यासमोर धरायच्या आणि आत एखादा कण तरंगतोय का ते बघायचं, हे माझं काम. डोळा गेला की काम गेलं, आणि या वयात दुसरं कोण देणार?

गुरुवार, ७ नोव्हेंबर

पहिलं इंजेक्शन झालं. डोळ्यात सुई म्हटल्यावर दारातूनच परत फिरणार होतो, खोटं कशाला लिहू. बधिर करायचे थेंब, मग ते पिवळं जंतुनाशक, मग पापण्यांना चिमटा. सुई नुसती दाबल्यासारखी वाटली. खरा छळ नंतर. डोळा मिरचीचा हात लागल्यासारखा झोंबतोय, आत मूठभर रेती ओतल्यासारखं खुपतंय. पांढऱ्या भागात रक्ताचा डाग आलाय. आरशात बघून मीच दचकलो. आणि खालच्या बाजूला एक काळा गोल बुडबुडा, मान हलवली की डुलतो. हवेचा आहे, जाईल, म्हणाले. चोळायचं नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही. दुखणं वाढलं किंवा अंधारून आलं तर तडक यायचं.

जन्मभर दुसऱ्यांच्या बाटल्यांत कण शोधले, आता माझ्याच बाटलीत कण. कंपनीत माझ्या हाती आली असती तर नापास केली असती.

रविवार, १० नोव्हेंबर

बुडबुडा गेला. फ्रिजमधले थेंब घालून, मिटल्या डोळ्यावर गार फडकं ठेवून पडलं की बरं वाटतं.

नंदाने हट्ट धरला की देवीला चांदीचे डोळे बोला. फोन देवकीबायनी ऐकला असावा. देवघरातून लाल फडक्यात बांधलेले चांदीचे डोळे घेऊन आल्या. नवे कशाला करता, हे पडूनच आहेत, म्हणाल्या. कृष्णनाथांनी आपल्या डोळ्यांसाठी केले होते, वाहायचे राहून गेले. नवस फेडायचा तो गुण आल्यावर, एवढं मलाही कळतं. आणि दुसऱ्याच्या नावाचे डोळे आपण वाहायचे, हेही मनाला खटकलं. पण बाई इतक्या मायेने देतायत, मोडता कशाला घाला?

सातेरी देवीच्या देवळात ते डोळे वाहिले आणि गाऱ्हाणंही त्यांनीच घातलं, "जाचे दोळे, ताका घराक हाड गे माये." ज्याचे डोळे, त्याला घरी आण. मला वाटलं, इथली बोलायची रीत असेल. परत येताना बाई नव्या नवरीसारख्या झपझप चालत होत्या.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

उजवा डोळा झाकून डाव्याची परीक्षा घ्यायची असते. आज घेतली तर खोली दिसलीच नाही. हिरवट पाणी दिसलं. वरून उजेड हलत येत होता, तळाला लाल गाळ. पापणी मिटली तरी तेच. तळ्याचं प्रतिबिंब म्हणावं तर खिडकी बंद होती.

तडक डॉक्टरांकडे गेलो. यंत्रावर पाहून ते खूश झाले. पडद्याची सूज बरीच उतरलीय. औषधाने कधीकधी असे रंग दिसतात, घाबरू नका, म्हणाले. त्या गाळात चप्पल घातलेला एक पाय रुतलेला होता, हे सांगायची मला हिंमत झाली नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

काल दुसरं इंजेक्शन. तीच रेती, तेच झोंबणं. बुडबुडाही आला, पण यावेळी एक नाही, बरेच, आणि सगळे वर वर जाणारे. पाण्याखाली कोणी श्वास सोडावा तसे.

आज सकाळी पाणी संपलं. समोर लाल डोंगर, पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला. पाळी गावची बंद खाण आहे ती. मी पलंगावर बसलोय आणि माझा डावा डोळा तो चढ चढतोय.

देवकीबायना गाठलं. कोंबड्यांना दाणे टाकत टाकत त्यांनी सगळं सांगितलं. कृष्णनाथ खाणीवर ट्रक चालवायचे. इंजेक्शनांच्या त्रासाला कंटाळले, दोन घेऊन सोडून दिली. दिसेनासं झालं. एका दुपारी खाणीकडे गेले. पाण्याने भरलेल्या खड्ड्याच्या काठावर एक चप्पल सापडली. माणूस सापडला नाही. म्हणून कुंकू पुसलं नाही.

आणि गाऱ्हाणं? डोळे ज्यांच्या नावाने केले, त्यांच्याच नावाने घातलं. दुसऱ्याच्या नावाने कसं घालणार, असं त्यांनी उलट मलाच विचारलं. मला संताप आला, आणि त्या बाईची दयाही आली.

रविवार, १५ डिसेंबर

डोळ्याला काळी पट्टी बांधली. पट्टीआड रस्ता दिसतो. गंजलेले ट्रक, लाल धुळीने माखलेली झाडं. मध्येच नजर खाली जाते: एक पाय अनवाणी. फार हळू चालणं आहे. रोज दुपारी थोडं.

जेवायला वाढताना देवकीबाय विचारतात, "खंय पावले ते?" कुठवर आले. अजून पाण्यातच आहेत, असं ठोकून दिलं.  त्यांनी ताटात आणखी एक मासा वाढला.

रविवार, २२ डिसेंबर

नंदा म्हणाली, गाशा गुंडाळा आणि गावी या. बॅग घेऊन डिचोलीच्या स्टँडपर्यंत गेलो. गडहिंग्लजच्या वाटेला लागायचं म्हणून गाडीत बसलो, आणि डाव्या डोळ्यातली वाट वळली. मयेकडे निघालेली ती नजर डिचोलीकडे फिरली. माझ्याकडे.

उतरलो. नंदाच्या दारात हे नेऊ?

मला वाटत होतं त्याला घर हवंय. त्याला घर नकोच आहे. त्याला डोळा हवाय.

गुरुवार, २ जानेवारी

आज तिसऱ्या इंजेक्शनची तारीख. गेलो नाही. डॉक्टरांचा फोन आला, आता थांबलात तर डोळा कायमचा जाईल. जाऊ दे. काम जाऊ दे. कंपनीच्या गेटवर बसेन, गावी म्हशी राखीन — पण हे दिसायचं थांबू दे.

देवकीबायनी हात जोडले. इंजेक्शन घ्या म्हणतात. आता थोडंच राहिलंय म्हणतात. त्यांना कसं कळलं? मी सांगितलं नव्हतं.

शुक्रवार, ३ जानेवारी

अंधुक होत नाही. उलट लख्ख होतंय. तळ्याचा काठ. सातेरीच्या देवळाची वाट — तिथे थांबला. हात जोडलेले दिसले. ओले. नखांत लाल माती.

मग आमची गल्ली.

शनिवार, ४ जानेवारी, दुपार

कडी लावली होती. देवकीबायनी काढली. दार सताड उघडं. ओसरीवर पाट मांडलाय, ताट वाढलंय. बाई नवं लुगडं नेसून उंबऱ्याशी उभ्या. विचारत नाहीत आता. हसतायत.

उजव्या डोळ्याला अंगणात कोणी दिसत नाही. कोंबड्या मात्र पांगल्या —

डाव्या डोळ्यात अंगण. उंबरा. देवकीबायचा चेहरा, अगदी जवळ, रडवेला. तिच्यावरून नजर पुढे सरकली. तिच्याजवळ थांबला नाही. ती हाक मारतेय. थांबला नाही तो —

आता खोली. टेबल. पांढरं बनियन घातलेला कोणी वाकून लिहितोय. मानेवर घाम. मीच.

लिहीत राहतो. वळणार नाही. वळलो तर त्याला माझा चेहरा —

फरशीवर ओलं पाऊल वाजलं. एक चपलेचं, एक अनवाणी.

मानेवर पाण्याचा थेंब. गार.

हात पुढे येतोय. खांद्यावरून. लाल माती. रेतीसारखं खुपतंय, पुन्हा पहिल्या दिवसासारखं, बोट पापणीवर — नंदा, उजवा तरी राहील — तो फक्त त्याचा डावा —